मालवणची सुरमई, सासूबाईंचं इन्सुलिन आणि डिकीतला फ्रिज

प्रश्न : मे महिन्यात पाच दिवसांसाठी पुण्याहून मालवणला जायचं आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी तीन वर्षं जुनी. आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, मुलाला दूध-दही. परतताना पाच किलो सुरमई-बांगडा आणायचाच, असा घरात हट्ट आहे. ऑनलाइन ‘कार फ्रिज’ पाच-सहा हजारांतही दिसतो आणि पंचवीस-तीस हजारांतही. फोटोत दोन्ही सारखेच. एवढा फरक कशाचा? स्वस्तातला चालेल का? रात्रभर गाडीत चालू ठेवला तर बॅटरी उतरेल का? की सरळ बर्फाची पेटी न्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बर्फाची पेटी न्या. पण इन्सुलिन त्या पेटीत टाकू नका, त्याची सोय वेगळी करा. तुमच्या यादीतल्या तीन वस्तूंना तीन वेगळी तापमानं लागतात. इन्सुलिनला थंडावा हवा, पण ते गोठलं की संपलं. माशाला शून्याच्या जवळ राहायचं असतं. दूध-दही या दोन्हींच्या मधलं. एका डब्यात तिघांना बसवायला गेलं की कुणाचं तरी नुकसान होतं, आणि बहुतेक वेळा ते इन्सुलिनचंच होतं.

आधी किमतीतल्या फरकाचं. स्वस्त पेटीत कंप्रेसर नसतो. तिच्यात बिस्किटाएवढी एक सपाट चकती असते, तिला पेल्टिअर म्हणतात. तिच्यातून वीज गेली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. गरम बाजूची उष्णता ॲल्युमिनिअमच्या पात्या आणि एक छोटा पंखा बाहेर टाकतात. यंत्र एवढंच. त्यामुळे ही पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जाऊ शकते, त्याखाली नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून खरेदीआधी वर्णन शेवटपर्यंत वाचा.

एसी चालू असलेल्या गाडीत २५ अंश असतील तर पेटीत सात-आठ अंश मिळतील. पाण्याच्या बाटल्या, चॉकलेट, ताक यांना तेवढं पुरतं. पण कोल्हापूरला जेवायला थांबलात आणि गाडी तासभर उन्हात राहिली की आतलं तापमान पन्नाशी गाठतं. मग पेटी चालू असली तरी आत तीस-पस्तीस अंश. बंद असेल तर आणखी वाईट, कारण वीज थांबली की तीच चकती बाहेरची उष्णता आत आणायला लागते. अशा बहुतेक पेट्यांना थर्मोस्टॅटही, म्हणजे हवं ते तापमान आलं की आपोआप थांबवणारा स्विचही नसतो. आणि ‘थंड-गरम’ असं एक सरकतं बटण असतं. डिकीत पिशवीचा धक्का लागून ते ‘गरम’कडे सरकलं तर पेटी आतून पन्नास अंशांच्या वर तापते. चिन्ह म्हणून फक्त एक छोटा दिवा हिरव्याचा लाल होतो. औषधाच्या डब्याला असलं बटण नकोच.

महाग पेटीत घरच्या फ्रिजसारखाच कंप्रेसर असतो, फक्त छोटा आणि १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा. बाहेर चाळीस अंश असले तरी तो आत चार अंश राखतो आणि ठरवलं तर उणे १८ पर्यंतही नेतो. गंमत अशी की वीज तोच कमी खातो. स्वस्त पेटी सुमारे ४८ वॉट सतत ओढते, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. कंप्रेसरही चालताना ४५-५० वॉटच घेतो, पण हवं ते तापमान आलं की थांबतो. दिवसाची सरासरी काढली तर १८-२० वॉट, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. अर्थात उन्हात, सारखं झाकण उघडत राहिलात तर जास्त.

आता बॅटरी. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे हिशेबाने एक अँपिअर ३५ तास. ती इंजिन सुरू करताना दोन-चार सेकंद जोराचा करंट देण्यासाठी बनवलेली, रात्रभर सावकाश पाझरण्यासाठी नाही. अर्ध्याखाली उतरवली तर सकाळी सेल्फ मारेल याची खात्री नाही, आणि असं चार-पाचदा झालं की बॅटरीचं आयुष्यच घटतं. म्हणजे हातात जेमतेम १७ अँपिअर-तास. स्वस्त पेटी रात्री आठ तासांत ३२ ओढते, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. कंप्रेसरवाली दहा तासांत १५ घेते. नव्या बॅटरीवर ती निभावेल, तीन वर्षं जुनीवर तो जुगार आहे. एकदा हेही बघून घ्या : चावी काढल्यावर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये वीज राहते का? मोबाइल चार्जर लावून लगेच कळतं. बऱ्याच गाड्यांत ती जाते. मग बॅटरी वाचते, पण पेटी बंद पडते आणि ते तुम्हाला सकाळी समजतं.

पंचवीस हजार कुणी घालावेत? महिन्यातून दोनदा लांबचा प्रवास करणाऱ्यांनी, गाडीतच मुक्काम करणाऱ्यांनी, फिरतीवर औषधं किंवा नमुने नेणाऱ्यांनी. वर्षातून एक-दोन सहलींसाठी ती पेटी उरलेले अकरा महिने माळ्यावर धूळ खाईल. शिवाय ३५-४० लिटरची कंप्रेसर पेटी रिकामीच बारा-पंधरा किलो भरते. हॅचबॅकच्या डिकीत ती बसवली की चौघांच्या बॅगांपैकी दोन मांडीवर येतील.

इन्सुलिन

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा कुपी मात्र फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नसते. बहुतेक प्रकार साधारण चार आठवडे ३० अंशांखाली टिकतात, काहींची मर्यादा २५ अंश असते. सासूबाईंच्या खोक्यातला कागद काढून त्यांच्या प्रकाराची मर्यादा आधी वाचा. खरी भीती दोनच ठिकाणी आहे : उन्हातली गाडी आणि बर्फ. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जसंच्या तसं दिसू शकतं, पण त्याचा भरवसा संपलेला असतो. ते टाकूनच द्यायचं.

सोय अशी करा. रुंद तोंडाचा एक लिटरचा स्टीलचा थर्मास घ्या. निघण्याआधी अर्धा तास त्यात फ्रिजचं पाणी भरून ठेवा, मग ओतून कोरडा पुसा. इन्सुलिन झिपच्या पिशवीत घालून जाड नॅपकिनमध्ये गुंडाळा आणि सोबत एक छोटा जेल पॅक ठेवा. जेल पॅक फ्रीझरमधून काढला की लगेच आत टाकायचा नाही, इथेच लोक चुकतात. फ्रीझरमधला पॅक उणे १५-१८ अंशांचा असतो आणि त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. तो ओट्यावर ठेवा. आधी त्यावर पांढरं दव धरेल, मग दव वितळून पॅक ओला होईल. दाबला की कडेने मऊ लागतो, तेव्हा तो शून्य अंशाला आलेला असतो. आरोग्यसेविका लसीच्या निळ्या पेटीत बर्फाचे चार पॅक भरताना हेच करतात. पॅक कानाशी हलवून आतलं पाणी डुचमळतंय का ते ऐकतात, मगच तो पेटीत जातो, कारण काही लसीही गोठल्या की निकामी होतात.

वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. आधी तपासून बघा : वाटीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी कालवा, सेन्सर त्यात बुडवा, पाच मिनिटांनी शून्याच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मग सेन्सर नॅपकिनच्या आत, आकडा बाहेर. थर्मास सासूबाईंच्या पायाशी ठेवा. डॅशबोर्डवर नको, डिकीत नको, आणि जेवायला उतरताना तो सोबत घ्या.

पाण्यात भिजवून वापरायचे थंड पाऊचही मिळतात. ते माठासारखे बाष्पीभवनावर चालतात, म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम. मालवणच्या मे महिन्यातल्या दमट हवेत त्यांचा जोर कमी पडतो. शिवाय त्यांना वारा लागतो, बंद पेटीत ठेवले की उपयोग शून्य.

मुक्कामी पोचलात की घरमालकांच्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात इन्सुलिन ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नको. आणि ‘फ्रीझरमध्ये ठेवू नका’ असं डब्यावर ठळक लिहा. चांगल्या मनाने कुणीतरी ‘नीट गार राहील’ म्हणून ते वर सरकवतं.

बर्फाची पेटी

पेटी घेताना लिटरपेक्षा भिंत बघा. पुष्कळ पिकनिक पेट्यांच्या भिंतीत दोन प्लास्टिकच्या पत्र्यांमध्ये नुसता थर्माकोलचा पातळ थर असतो, झाकण तर आतून पोकळच. टिचकी मारून बघा, पोकळ झाकण डब्यासारखं वाजतं. तुम्हाला हवी ती पॉलीयुरेथेन फोम भरलेली, भिंत तीन सेंटिमीटरच्या आसपास, झाकणातही फोम, कडेला रबरी पट्टी आणि तळाला पाणी काढायचं बूच. तीस-पस्तीस लिटर पुरे. रबर बसतंय का ते वहीचं पान लावून कळतं : पान कडेत धरून झाकण लावा आणि ओढा. सुळकन निघालं तर तिथून गारवाही तसाच निघणार.

बर्फ किती लागेल, याचा हिशेब अवघड नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो, म्हणजे ९३ वॉट-तास. वर सांगितलेल्या भिंतीची तीस लिटरची पेटी ३५-३६ अंशांच्या हवेत अंदाजे १९-२० वॉट उष्णता आत घेते. म्हणजे पाच किलो बर्फ साधारण चोवीस तास टिकतो. पातळ भिंतीच्या पेटीत तोच बर्फ बारा तासांत पाणी.

हा हिशेब चुकतो तो कोमट सामानामुळे. बत्तीस अंशांच्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवल्या तर त्या चार अंशांवर येईपर्यंत साडेतीन किलो बर्फ खाऊन टाकतात. म्हणून पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये गार झालेली हवी, आणि पेटीसुद्धा. रात्री तिच्यात दोन गोठलेल्या बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा. उन्हाळ्यात माळ्यावरून काढलेल्या पेटीचा फोम स्वतःच तापलेला असतो, पहिला किलोभर बर्फ त्याच्यावरच खर्च होतो.

जाताना सुटा बर्फ नकोच. एक लिटरच्या पाच बाटल्या, मानेखाली चार बोटं रिकाम्या सोडून, दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये आडव्या टाका. ठोकळा बर्फ चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो, पेटी ओली होत नाही, आणि घाट उतरून खाली आलात की तेच प्यायला गार पाणी. बाटल्या तळाला आणि कडेने, मध्ये दही आणि ताक, वरती जे आधी लागणार ते. रिकामी जागा टॉवेलने भरा, कारण झाकण उघडलं की पेटीतली गार हवाच आधी बाहेर पडते. मुलाला पाच मिनिटांनी ‘गार पाणी’ लागणारच, म्हणून त्याची बाटली वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. दुधासाठी तर पेटीचीही गरज नाही. टेट्रापॅकचं दूध न उघडता बाहेर टिकतं, २०० मिलीचे पॅक घ्या आणि प्रत्येक एका वेळी संपवा.

पेटी कुठे ठेवायची? हॅचबॅकच्या डिकीवरचा झाकणाचा फळा काढून टाका, म्हणजे एसीची हवा मागे पोचेल. पेटीवर फिकट रंगाची चादर घाला आणि पट्ट्याने बांधा. भरलेली पेटी वीस किलोची असते. फोंडा घाटातल्या वळणावर जोराचा ब्रेक लागला तर ती मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत यायला नको.

परतीचा मासा

पाच किलो माशाला पाच किलो बर्फ. तीस अंशांचा मासा शून्यावर आणायला दीड किलो लागतो, दहा-बारा तासांच्या वाटेत पेटी अडीच किलो खाते, आणि उरलेला किलो वाटेत टायर पंक्चर झाला तर. इथे मात्र ठोकळा नको, चुरा हवा. मासा सगळ्या बाजूंनी बर्फाला टेकला पाहिजे, मोठा ठोकळा एकाच जागी टेकतो.

मासा निघण्याच्या सकाळीच घ्या, आदल्या संध्याकाळी घेऊन घरमालकांच्या फ्रिजमध्ये कोंबू नका. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. पोट आणि कल्ले तिथेच काढून घ्या, सड तिथूनच सुरू होते. सुरमईच्या तुकड्या मात्र पाडू नका. पेटीत मावतील असे दोन-तीन मोठे भाग करा, तुकड्या घरी. जितकी जास्त कापलेली बाजू, तितकं पाणी सुटतं आणि चव जाते. तळाला चार बोटं चुरा, त्यावर मासा, मग चुरा, पुन्हा मासा, आणि सगळ्यात वर भरपूर चुरा, कारण गारवा खाली उतरतो. बूच दर दोन-तीन तासांनी उघडून लाल पाणी काढा, गाडीबाहेर आणि हॉटेलच्या दारापासून लांब. बाटल्यांच्या पेटीत वितळलेलं गार पाणी राहू दिलं तरी चालतं, उलट ते थंडावा धरतं. माशाच्या पेटीत ते राहिलं की मासा त्यात भिजून मऊ पडतो.

बांगड्याच्या बाबतीत जास्त कडक राहा. बांगडा आणि त्याच्या भाऊबंदांच्या मांसात, उष्णतेत काही तास राहिलं तर, हिस्टामिन नावाचं अंगाला बाधणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. मासा दिसायला बरा, वासालाही फारसं काही नाही, आणि खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल, अंगावर पुरळ, डोकं दुखणं. सुरमईही त्याच कुळातली. त्यामुळे ‘घरी गेल्यावर नीट धुऊन तळू’ हा उपाय इथे चालत नाही, थंडी पहिल्या मिनिटापासून लागते.

बर्फात मीठ घालायचा सल्ला कुणी देईल. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, कुल्फीवाले त्यावरच कुल्फी जमवतात. पण बर्फ वितळतोही भराभर, आणि मासा कडेने अर्धवट गोठतो. तुमच्या कामाला ते नको. कोरडा बर्फ तर बंद गाडीत आणूच नका. तो वितळत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि काचा लावून एसी चालू असलेल्या गाडीत तो साठतो. मासळी बाजारातला चुरा कुणाच्या सरबतात जाऊ देऊ नका, तो खाण्यासाठी केलेला नसतो.

जाता-येता एकच पेटी चालेल. मासा तिच्यात येईल तेव्हा दूध-दही संपलेलंच असेल, आणि इन्सुलिन थर्मासमध्ये वेगळं. थर्मासचा जेल पॅक आदल्या रात्री घरमालकांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला विसरू नका. निघायच्या घाईत नेमका तोच राहतो.

तरीही कंप्रेसरच घ्यायचा ठरला तर

चार गोष्टी बघा. पहिली, बॅटरी संरक्षण : व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की पेटीने स्वतःहून बंद व्हायला हवं, आणि त्याच्या तीन पायऱ्या असायला हव्यात. गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवताना वरची पायरी ठेवा. दुसरी, वायर. ‘बॅटरी भरलेली आहे तरी पेटी सारखी बंद पडते’ ही तक्रार बहुतेकदा वायरीचीच असते. पाच मीटर लांबीच्या एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन, ५ अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट गळतात. बॅटरीत १२.३ असले तरी पेटीला ११.४ दिसतात आणि ती संरक्षणात जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच गळती ०.३५ वर येते. डिकीपर्यंत वेगळी वायर ओढणार असाल तर बॅटरीच्या टोकाजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्या. लायटरच्या सॉकेटवरच चालवणार असाल तर तासाभराने पिन हाताला लावून बघा. खड्ड्यांनी ती सैल होते, ठिणगी धरते आणि प्लास्टिक वितळवते.

तिसरी, हवा. ज्या बाजूला जाळी आहे तिथे निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जाळीला बॅग टेकली की कंप्रेसर थांबायचं नावच घेत नाही. चौथी, दुरुस्ती : आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदलून कोण देणार, हे घेण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या. कार्ड गेलं आणि मिळालं नाही तर पंचवीस हजारांची थर्माकोलची पेटी उरते.

घरी आणल्यावर चार-सहा तास सरळ उभी ठेवा आणि मगच चालू करा. वाहतुकीत आडवी झाली असेल तर कंप्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. मग आत दोन लिटर पाणी ठेवून ५ अंशांवर लावा आणि रात्रभर वर सांगितलेल्या थर्मामीटरने आकडा पडताळा. पडद्यावरचा आकडा भिंतीजवळच्या सेन्सरचा असतो, मधला दोन-तीन अंशांनी वेगळा निघतो. पडद्यावर २ लावलंत तर भिंतीला टेकलेली कुपी गोठू शकते, म्हणून यातही इन्सुलिन मधोमध, डब्यात आणि कापडात.

माशाची पेटी घरी आल्या आल्या खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा. बूच आणि झाकणाची रबरी पट्टी काढून वेगळी घासा, वास तिथेच लपतो. मग झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्या.